चार बोटं खाली

मी एक रायफल बोलतेय. दचकू नका, नळी मागून बंद करणारा बोल्ट काढून वेगळा ठेवलाय आणि पोटात काडतूस नाही. अशा अवस्थेत मला बोलण्यापलीकडे काही करता येत नाही.

माझी नळी घडली ती लढाईसाठी. ज्यांनी मला नॉर्वेत आणलं ते महायुद्धात हरले आणि जाताना आम्हाला ढिगाने टाकून गेले. त्याआधी मी कोणावर झाडली गेले, ते विचारू नका. पुढे एका गावच्या लोहाराने माझी नळी आखूड केली, बर्चच्या लाकडाचा हलका दस्ता बसवला आणि मला हल्वोरच्या हातात दिलं.

हल्वोर लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. माणूस बोलण्यातही काटकसरी. दर शरदात एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाची, शिकार सुरू झाली, की तो दलदलीच्या काठावर टोळीने नेमून दिलेल्या चार नंबरच्या जागी झाडाच्या एका खुंटावर जाऊन बसायचा. चाळीस वर्षं तीच जागा आणि तीच काडतुसं, जड गोळीची. माझा लोखंडी नेम, म्हणजे नळीवरची नेम धरायची खाच आणि टोक, त्याने त्याच गोळीसाठी कानशीने घासून बसवला होता. दुर्बीण म्हणजे डोळ्यांचा आळस, असं तो म्हणायचा. त्याच्या हातून जनावर जखमी होऊन पळालेलं मी एकदाही पाहिलं नाही.

त्याची मुलगी तोर्गुन एकोणिसाव्या वर्षी शहरात निघून गेली होती. ती परतली चव्वेचाळिसाव्या वर्षी, बापाच्या आजारपणात. वसंतात हल्वोर गेला. गावात तिच्याशी लोक हवापाण्यापलीकडे बोलत नव्हते. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला शेजारचा आस्गाइर आला. तो शिकारी टोळीचा म्होरक्या आणि हल्वोरचा जुना सोबती. कप खाली ठेवून म्हणाला, चार नंबर रिकामा आहे. नेमबाजीची परीक्षा पास झालीस तर ती जागा तुझी.

तिने ते फार मनावर घेतलं. त्या खुंटावर बसायला मिळालं, की आपण इथल्या झालो, असं तिच्या मनाने धरलं होतं. मला मात्र काळजी वाटायला लागली.

तोर्गुन वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात अर्धा दिवस कामाला होती. तेव्हा सगळं बेताबेतानंच चालायचं. लोखंडी नेम तिला धूसर दिसायचा, म्हणून दुर्बीण हवी होती. ती मिळाली शाळेच्या बँडपथकाने भरवलेल्या जुन्या बाजारात, एका लोकरी मोज्यात गुंडाळलेली. काचेच्या कडेला ओरखडा होता, पण आतली नेमाची फुली स्वच्छ दिसत होती. कडी घालून तिने ती माझ्या पाठीवर बसवली आणि कड्यांचे स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून त्यांना नेलपॉलिशचा थेंब लावला. हल्वोरच्या कामाच्या पँटीचे पाय कापून, वाळू भरून, मला टेकवायला पिशव्या शिवल्या. निशाण म्हणजे कागदी ताटली आणि तिच्यावर काळ्या चिकटपट्टीची फुली. हे सगळं मला आवडलं. गरिबीतही नीट काम करता येतं, ते ती करत होती.

काडतुसांच्या दोन पेट्या तिने आणल्या, सरावाच्या, हलक्या गोळीच्या, दुकानातल्या सर्वांत स्वस्त. ही गोळी जनावराच्या अंगात फुलून रुंद होत नाही, त्यामुळे ते झटकन मरत नाही, म्हणून कायद्याने तिच्यावर शिकार करता येत नाही. शिकारीसाठी हल्वोरच्या खणात त्याची अर्धी पेटी उरली होती, दहा काडतुसं.

खडीच्या जुन्या खाणीत आम्ही नेम लावायला गेलो. बोल्ट काढून तिने आधी माझ्या नळीतून पंचवीस मीटरवरची ताटली पाहिली, मग मला न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ताटलीवर आणली. इथवर उत्तम. शंभर मीटरवर मात्र तिचा धीर सुटला. एक गोळी डावीकडे गेली, तिने दुर्बिणीवरचा फुली सरकवणारा स्क्रू फिरवला. दुसरी वर गेली, पुन्हा फिरवला. सहा गोळ्या संपल्या तरी आमची ताटलीभोवती प्रदक्षिणाच चालली होती.

मागे आस्गाइर येऊन उभा होता.

"पोरी, गोळीच्या मागे धावू नकोस," तो म्हणाला. "ती तुझ्यापेक्षा जोरात पळते. तीन मार, कशाला हात न लावता. मग तिघींच्या मधोमध बघ आणि तिथून मोज."

तिने तसं केलं. तीन भोकं एका बशीत मावतील एवढी जवळ पडली. तिने अंतर मोजून तो स्क्रू तितक्या टिचक्या फिरवला, पुन्हा तीन मारल्या आणि त्या फुलीवर बसल्या. आस्गाइरने दुर्बिणीवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. म्हाताऱ्या बाईला अखेर चष्मा लागला, असं माझ्याबद्दल काहीतरी बोलला. मग जाता जाता विचारलं, "शिकारीला हिच्यात काय घालणार आहेस?"

"बाबांची आहेत ना काडतुसं."

"हल्वोरची?" त्याने पुन्हा एकदा दुर्बिणीकडे पाहिलं. "हल्वोरची रायफल, हल्वोरची काडतुसं. मग काय बघायचं."

बघायचं होतं हो! जड गोळी सावकाश जाते आणि लवकर खाली बसते. लोखंडी नेम त्या गोळीचा होता, पण दुर्बिणीचा नेम आता हलक्या गोळीचा झाला होता. तीन काडतुसं झाडली असती तर कळलं असतं. पण तिला बापाची ती दहा काडतुसं ताटलीवर उडवायची नव्हती, आणि मेलेल्या मित्राच्या वस्तूवर शंका घेणं आस्गाइरला जमलं नाही. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते.

परीक्षा ती सरावाच्या गोळ्यांवर झोकात पास झाली. पाचही गोळ्या वर्तुळात. टोळीतल्या लोकांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि पहिल्यांदाच कोणीतरी तिला हल्वोरची तोर्गुन म्हणालं.

शिकारीच्या पहिल्या सकाळी ती खुंटावर बसली. दीडशे मीटरवर झाडीतून एल्कची मादी बाहेर आली. पाडस बरोबर असेल तर आधी पाडस मारायचं, मग आई, म्हणजे मागे कोणी पोरकं राहत नाही. हा टोळीचा नियम तिला पाठ होता. ती बराच वेळ थांबली. मादी एकटीच दिसत होती. तोर्गुनचा श्वास शांत होता, फुली खांद्यामागे बरोबर होती, बोट हळू दाबलं गेलं. तिची काहीच चूक झाली नाही. गोळी एक वीत खाली गेली आणि मादीचा पुढचा पाय मोडला.

मादी गुडघ्यांवर पडली, उठली आणि तीन पायांवर झाडीत शिरली. तिच्यामागोमाग इतका वेळ आत थांबलेलं पाडस धावत गेलं.

आस्गाइर माग काढणारी कुत्री घेऊन आला. रक्ताच्या मागावर सगळे दुपारपर्यंत फिरले, मग धुकं उतरलं आणि शोध थांबवावा लागला. कोणी तिला दोष दिला नाही. असं होतं कधीकधी, म्हणाले. ते बोलणं पुन्हा हवापाण्याचं झालं होतं.

तोर्गुन घरी गेली नाही, खाणीकडे वळली. तिथे धुकं विरळ होतं. शंभर मीटरवर ताटली लावून तिने बापाची तीन काडतुसं झाडली, कशालाही हात न लावता. तीन भोकं एकमेकींना चिकटून पडली, फुलीच्या चार बोटं खाली. ती ताटली हातात घेऊन वाळूच्या पिशवीवर बसली आणि रडली. हल्वोर गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून तिने टिचक्या मोजल्या, बारा. पुन्हा तीन झाडली. तिन्ही फुलीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मादी सापडली, नाल्याच्या काठी, मेलेली. रात्रभर जिवंत असावी, कारण आजूबाजूचं शेवाळ उकरलं गेलं होतं. पाडस तिच्याजवळ उभं होतं. माणसं पाहून ते पळालं, शंभरेक मीटरवर थांबलं आणि आईकडे वळून पाहत राहिलं. आईविना ते हिवाळा काढणार नव्हतं.

आस्गाइरने कुत्रीला धरलं आणि खांद्यावरची बंदूक काढली. "मी करतो," तो म्हणाला. "विचारलं मीच होतं, आणि गप्पही मीच बसलो."

"नको," तोर्गुन म्हणाली. "मी."

तिने मला फांदीवर टेकवलं. त्या क्षणी मी चुकावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि चुकू नये असंही. गोळी जिथे फुली होती तिथेच लागली. पाडस जागच्या जागी खाली बसलं आणि त्याने मान टाकली. बापलेकीच्या हातून सुटलेल्या शेकडो गोळ्यांत इतका नेमका नेम दुसरा नव्हता, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

टोळीने तिला काढलं नाही. पुढच्या वर्षी आस्गाइर दोनदा बोलवायला आला. तीच गेली नाही.

आता तिने गावच्या दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आहे, दुर्बिणीसह रायफल विकणे आहे. मला जायला हरकत नाही. जो कोणी नेईल त्याच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, की जी गोळी जनावरावर झाडायची तिच्यावरच माझा नेम लाव. पैसे कमी असतील तर सराव कमी कर, जुनी दुर्बीण घे, वाळूची पिशवी घरी शिव. पण त्या तीन गोळ्यांत हात आखडू नकोस.

काल पलीकडच्या खोऱ्यातून एकाचा फोन आला. बरोबर मारते का, त्याने विचारलं.

"मारते," तोर्गुन म्हणाली. "तू काडतुसं कोणती घालणार?"

त्या दिवशी जी मिळतील ती, असं काहीतरी तो हसत म्हणाला असावा. फोन करणारा तो चौथा, आणि आधीच्या तिघांनाही तिने हेच विचारलं होतं.

"मग माफ कर," ती म्हणाली. "रायफल विकली गेली."