धाकटीचा रकाना

डॉक्टरांनी मांजरीच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप टेकवला, तशी मांजरीला धरून उभ्या असलेल्या तिने स्वतःचाच श्वास रोखून धरला.

दोन आठवड्यांपूर्वी थोरली शिंकायला लागली होती. थोरली म्हणजे हीच मांजर. सात महिन्यांपूर्वी मुलगी झाली, तेव्हा नवऱ्यानेच गमतीत नावं पाडली होती, थोरली आणि धाकटी. पहिल्या शिंकेपासून थोरली न्हाणीघरात बंद. थोरलीला औषध पाजून आली की आई कोपरापर्यंत साबण चोळायची, मगच पाळण्याकडे वळायची.

"अगं, मांजर आहे, वाघ नाही," नवरा म्हणायचा. हसता हसता खोकायचा आणि लेकीच्या गालाला गाल घासायचा. खोकला त्याच्या मते धुळीचा होता.

डॉक्टरांनी कानातल्या नळ्या काढल्या.

"छाती मोकळी झालीय. सध्या साथच आहे, रोज चार-पाच मांजरं शिंकतच येतात. श्वास मोजलेत का?"

तिने वही पुढे केली. रोज दुपारी, गाढ झोपेत, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजलेले आकडे.

"तीसच्या आत हवेत. सव्वीस, चोवीस, चोवीस. झकास!"

"पण घरात तान्हं आहे, डॉक्टर. तिला काही..."

"मांजराची ही सर्दी माणसांना नाही हो लागत. उगाच जीव टांगणीला लावून बसू नका."

ती टेबलाच्या कडेला टेकली. कितीतरी दिवसांनी तिने थोरलीच्या कानामागे बोटं फिरवली, साबणाचा विचार न करता.

डॉक्टरांचं बोट मात्र अजून वहीवरच होतं. ते शेजारच्या रकान्यात सरकलं होतं. लागण झालीच तर कळावं म्हणून तिने आखलेला, वर 'धाकटी' लिहिलेला रकाना. अडतीस. सत्तेचाळीस. कालच्या तारखेला एकसष्ट. 'एवढासा जीव, भरभर चालणारच श्वास,' नवरा म्हणाला होता, आणि तिची नजर पुन्हा थोरलीच्या आकड्यांवर गेली होती.

"आणि ही धाकटी?" डॉक्टरांचा आवाज बदलला. "अहो, हिला आधी आणायचं! कुठाय ती?"

दाराच्या काचेपलीकडे, बाकावर, नवऱ्याच्या मांडीवर धाकटी निजली होती. झबलं बरगड्यांखाली आत ओढलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा ओढलं जात होतं. नवरा तोंड वळवून खोकला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आमच्याकडे मांजर एकच आहे."