गाऱ्हाण्यातला होकार

चिंतामणीकाका गावचे पोलीस पाटील. गावातली भांडणं ठाण्यापर्यंत जाऊ द्यायची नाहीत, यातच त्यांची सगळी मिजास. हातखंब्याच्या रस्त्यावर ‘तंटामुक्त गाव’ ही पाटी लागली तेव्हा ती त्यांनी स्वतःच्या पंच्याने पुसली होती.

आंबाबागेच्या हद्दीवरचा चिऱ्यांचा गडगा हातभर कुणी सरकवला, यावरून हर्षदने चुलतभावाला, सर्वेशला, कोयता दाखवला. ऐन आंबा उतरवायच्या दिवसांत सर्वेश घरी बसला.

बीटच्या हवालदार राजश्री मॅडम आल्या. “काका, नोंद करू. हर्षदला ठाण्यात बोलावून समज देते.”

“कशाला वो मॅडम? पोरगा तापट हाय, पण वायट नाय. देवळात नारळ ठेवून दोघांकडनं शब्द घेतो मी. देवासमोर दिलेला शब्द आमच्याकडं कोण मोडत नाय.”

मॅडम थांबल्या. गावाला सोबत घेऊन काम करा, असं त्यांना वरूनच सांगितलेलं. मग पाटलाचं नको ऐकायला?

देवळात दोघा भावांनी एकाच नारळाला हात लावला. काकांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, “बा देवा महाराजा, झालं गेलं इसरून भावांनी गुण्यागोविंदानं नांदू दे!”

“होय महाराजा!” देऊळ घुमलं. हर्षदचे ओठ मात्र हलले नाहीत. काकांनी ते पाहिलं. पाहिलं, आणि नारळ फोडला. एवढी माणसं जमलेली. एकासाठी परत कुठे सगळं थांबवा?

पायरीवर सर्वेशने विचारलं, “काका, आता जाऊ ना मी बागेत?”

“जा रे, निर्धास्त जा.”

तो गेला. गडग्यापलीकडे हर्षद कोयता घेऊन उभाच होता. सर्वेशचा जीव वाचला, उजवा हात गेला. हर्षद कोठडीत गेला. राजश्री मॅडम पंचनामा उरकून परस्पर निघून गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

सर्वेश इस्पितळातून परतला, तेव्हा त्याची बायको अक्षया नारळ घेऊन आली. “काका, ह्यांना उभारी येऊ दे म्हणून गाऱ्हाणं घाला. तुम्हीच घाला.” तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला बिचारीला काही ठाऊकच नव्हतं, आणि काकांना तेच सोसवेना.

देवळात मंडळी जमली. काका देवासमोर उभे राहिले. “बा देवा महाराजा...” काकांनी नारळ खाली ठेवला. “त्या दिवशी हर्षद होय म्हणाला नव्हता. मी बघितलं होतं. तरी सर्वेशला जा म्हणालो.”

“होय महाराजा!” मागची मंडळी सवयीने ओरडली.

अक्षयाचे ओठ मात्र हलले नाहीत.