परतीची दुसरी वाट

ईदच्या नमाजाला एका वाटेने जायचं आणि दुसऱ्या वाटेने परतायचं, हा रिवाज अब्बांनी जन्मभर पाळला होता. पण जन्मभर ते स्वतःच्या पायांनी चालत होते. आता ते चाकाच्या खुर्चीत होते आणि खुर्ची ढकलायला धाकटा. म्हणजे रिवाज अब्बांचा आणि घाम धाकट्याचा, असा एकूण मामला होता.

"अब्बा, आलो त्याच रस्त्याने जाऊ ना. मागच्या वाटेला नुसता चढ आहे, वर खडी."

"आलो त्या रस्त्याने जायचं नसतं."

"का? रस्ता झिजतो का?"

"जसा आलास तसाच परत जाणार असशील, तर आलास कशाला?" अब्बा म्हणाले आणि त्यांनी टोपी नीट केली. बोलणं संपलं.

धाकट्याने दातओठ खात खुर्ची मैदानाच्या मागच्या फाटकाकडे वळवली. खडीचं कारण सांगून त्याने आजवर ही वाट टाळली होती. अब्बांना खरं कारण ठाऊक होतं आणि अब्बांना ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. त्या चढावर भाईचं घर होतं. अम्मी गेल्यापासून दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. भाई यायचा, पण धाकटा कामावर असताना. अब्बांशी दोन शब्द बोलायचा आणि धाकट्याची चाहूल लागायच्या आत निघून जायचा.

चढ लागला तशी खुर्चीची पुढची चाकं खडीत रुतायला लागली. एक चाक पूर्वेला, एक पश्चिमेला. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. अख्ख्या शहराला वर-खाली करणाऱ्या माणसाला आपल्या बापाला चार हात वर नेता येईना, याचा त्याला स्वतःचाच राग आला. नवा सदरा पाठीला चिकटला. येणारेजाणारे थांबून गळाभेट मागत होते. एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्या हाताने मिठी मारायची म्हणजे कसरतच. त्यात दुपारी ड्युटी. कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकणार आणि याच्या नावाने शंख करणार.

"हळू," अब्बा म्हणाले. "कुणी मागे लागलंय का?"

"तुम्हाला काय, बसून हळू म्हणायला!"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला वाईट वाटलं. पण माफी मागण्याइतका दम छातीत उरला नव्हता.

घाई त्याच्या रक्तातच होती. लिफ्ट बंद पडली की आतली माणसं श्वास मोजत बसतात, तिथे रेंगाळून चालत नाही. भाई नेमका उलटा. तो लाकडाला पॉलिश करायचा. एक हात द्यायचा आणि वाळेपर्यंत बघत बसायचा. कुणी घाई केली की म्हणायचा, "लाकूड बोलेल तेव्हा दुसरा हात." लहानपणी दोघांचं यावरूनच वाजायचं आणि अम्मी दोघांनाही एकेक धपाटा घालायची.

अम्मी गेली तेव्हा भाई परगावी कामावर होता. "निघालोय, मला थांबा," एवढंच तो फोनवर म्हणाला. ऊन मी म्हणत होतं. मातीला उशीर करू नये, असं मामा म्हणाले, शेजारचे म्हणाले, मौलवीसाहेबही म्हणाले. सगळे धाकट्याकडे बघत होते आणि तो म्हणाला, "उचला." भाई पोचला तेव्हा कबरीवर शिंपडलेलं पाणीही वाळलं नव्हतं. तो ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला, "अनोळखी माणसं अडकली की धावतोस. माझ्यासाठी थोडं थांबता नाही आलं तुला?"

यात माझं काय चुकलं, हे धाकटा आजही कुणालाही विचारायला तयार होता. रीत तीच होती. मोठी माणसं तेच म्हणत होती. मग सगळं खापर एकट्या त्याच्याच डोक्यावर का?

चढाच्या टोकाला भाईचं दार आलं. पॉलिश केलेलं, आरशासारखं. त्यावर कुलूप.

धाकटा कुलपाकडे बघत राहिला. वाटेत त्याने मनात चार वाक्यं जुळवली होती. दोन कडक, दोन मऊ. एकही कामाला आलं नाही.

"बघा!" तो कडाडला. "बघा तुमचा लाडका! ईदच्या दिवशी दाराला कुलूप! आम्ही मरत मरत इथवर यायचं आणि हा—"

खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, आहात कुठे? भाई आणि भाभी आलेत. मघापासून दारात उभे आहेत. आत या म्हटलं तर भाई म्हणतात, तो आल्यावर त्याच्याबरोबरच येतो."

धाकट्याने पुन्हा एकदा कुलपाकडे पाहिलं. भाईसुद्धा त्याच बापाचा मुलगा. आला त्या वाटेने परतला नव्हता. मैदानाच्या पुढच्या फाटकाने निघून तो थेट याच्या दारात गेला होता.

"आलोच," तो म्हणाला आणि त्याने खुर्ची गर्रकन वळवली. "उतार आहे, पटकन पोचू."

"थांब," अब्बा म्हणाले.

"अब्बा, तो निघून जाईल!"

"आणि तोही तिकडून निघाला तर? दिवसभर एकमेकांच्या दारांना शिवत बसाल." मग अब्बांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. थांबा म्हणायला हवं होतं. बाप होतो मी आणि गप्प बसलो. आज म्हणतोय. थांब."

फोनवर आता भाई होता. "धाकल्या?"

घरात या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"भाई, मीच येतो. तू—"

"तू हलू नकोस. मी येतोय. थांबशील?"

"थांबतो."

धाकटा पायरीवर बसला. उठला. पुन्हा बसला. कामावरून फोन आला, त्याने तो वाजू दिला. घसा कोरडा पडला होता आणि पाणी कुलपाच्या आत होतं.

"जीव जातोय माझा," तो पुटपुटला.

"महिनाभर घोटभर पाण्यासाठी सूर्य मावळायची वाट पाहिलीस, तेव्हा नाही गेला," अब्बा म्हणाले. "तो महिना काय पोट रिकामं ठेवायला होता? थांबता यावं म्हणून होता. आता थांबून दाखव. तीच ईद."

बऱ्याच वेळाने उताराच्या तळाशी भाईची टोपी दिसली. चाल तीच, सावकाश. पहिल्याच घरापाशी कुणीतरी त्याला अडवलं. भाईने त्याला मिठी मारली, मुलंबाळं विचारली. पुढे दुसरा भेटला, त्यालाही मिठी. तिसऱ्याने तर खुर्चीच बाहेर आणली.

"अब्बा, हा अख्ख्या गल्लीला भेटत बसलाय!" धाकटा रडकुंडीला आला. "याला काही आहे की नाही?"

"येईल तुझी पाळी."

धावत खाली जावं, त्या माणसांना बाजूला सारावं आणि भाईला धरावं, असं त्याला वाटलं. पाय उचललाही गेला. मग त्याने खुर्चीची मूठ घट्ट धरली आणि डोळे पुसत तो तिथेच थांबला.