साळुबाईंची पुडी

“दोन्ही सोडे सारख्या डब्यांत भरू नकोस बिनणी, एखाद दिवशी घोटाळा होईल,” असं कस्तुरबाईंनी आपल्या सुनेला, जागृतीला, लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत बजावलं होतं. जागृतीनं ते हसण्यावारी नेलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा कळू नये? स्टीलचे डबे जोडीनं आले होते, दिसायला छान. एक स्वयंपाकघरात गेला, दुसरा न्हाणीघरात, आणि पुढं काही बिघडलंही नाही.

मग घोडेगावात नवं घर बांधताना तिच्या नवऱ्यानं, विपुलनं, हौसेनं टब बसवला. बोअरच्या पाण्यानं त्यावर पिवळट थर चढला. टबात तिच्या छोट्या मुलाची, संयमची, आंघोळ व्हायची, त्यामुळं जागृतीला तिथं ॲसिड नको होतं. रविवारच्या पुरवणीत तिनं वाचलं, की ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन घासलं तरी डाग निघतात. म्हणून आज दुपारी स्वयंपाकघरातला डबा घेऊन ती न्हाणीघरात बसली. थर खरंच निघत होता.

तेवढ्यात साळुबाई आल्या. महाळुंगे पडवळहून बाजाराला आल्या, की वालाच्या शेंगा द्यायला त्या घरी डोकावायच्याच. टबाकडं बघून म्हणाल्या, “बैलांची डोणी घरात कशापायी बांधली वो वैनी?” दोघी हसल्या. मग त्यांनी सांगितलं, की छातीत लई जळजळतंय, वाईच खायचा सोडा द्या, रातच्याला जेवून पाण्यातनं घेईन. जागृतीनं बोलता बोलता डबा ओढला, कागदात पुडी बांधून दिली. साळुबाई एसटी गाठायला गेल्या.

त्यांना दारापर्यंत सोडून ती परत आली, तर फरशीवर दोन डबे. दोन्ही उघडे, आणि मध्ये रांगत आलेला संयम, इकडच्या मुठी तिकडं टाकतोय. तिनं आधी त्याचं तोंड बोट घालून तपासलं, मग हात धुतले. तोंडात काही नव्हतं. मग तिची नजर परत डब्यांवर गेली.

पुडी कुठल्या डब्यातली?

डबा डाव्या हाताला होता, एवढं आठवत होतं. पण तेव्हा तिचं तोंड टबाकडं होतं की दाराकडं? धुण्याच्या सोड्याचा डबा कोपऱ्यात असायचा. तो पुढं तिनंच ओढला की संयमनं, नंतर? बोटं चुरचुरत होती, पण घासून घासून तशीही चुरचुरणारच. तिनं दोन्हींवर लिंबू पिळलं. दोन्ही फसफसले. आणि समजा कळलंच कुठला कोणता, तरी पुडी कशातून भरली ते कोण सांगणार?

तिनं हाक मारून कस्तुरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “धुण्याचा असला तर पोट जाळेल गं तो. तिला पुडी उघडू देऊ नकोस.”

साळुबाईंच्या गावात फोन एकच, गेणभाऊंच्या दुकानात. तो नुसता वाजत राहिला. गेणभाऊही बाजारातच असणार. विपुल गाडी घेऊन मंचरला गेलेला. कदाचित पुडीत खायचाच सोडा असेल. कदाचित आपण उगाच घाबरतोय. असं म्हणत म्हणत ती संयमला कडेवर घेऊन स्टँडवर आली, तर पुढची एसटी दिवेलागणीची.

ती अजून तिथंच उभी आहे, दिसेल त्याला विचारत. कुणी लग्नाला निघालंय, कुणी भलतीकडं. तुमचं तसं नसेल, तुम्ही जीपनं महाळुंग्याच्या बाजूला निघाला असाल, तर तुम्ही तिच्या आधी पोचाल. साळुबाईंच्या घरी जरा बघून या हो. जेवण व्हायच्या आत जा. पुडी बांधलेली असली तर तशीच काढून घ्या, आणि सांगा, जागृती दुसरी घेऊन येतेय. आणि उघडलेली असली, तर तिथं थांबू नका. त्यांना तसंच जीपमध्ये घालून दवाखान्यात न्या.