शकूच्या चार भिंती

तीस वर्षं मी लोकांच्या घरांच्या किमती ठरवल्या. घर बघून हरखून जाणं हा आमच्या धंद्यात गुन्हा. तो मी एकदाच केला, भांडुपला, १९७४ साली.

कुंडलिक गवंडी आणि शकू बिगारी, या नवराबायकोचा घटस्फोट चालला होता. टेकडीवरची जागा शकूच्या बापाची, भांडण त्या जागेवर उभ्या असलेल्या दोन खोल्यांचं. कुंडलिक कोर्टात म्हणाला, घर मी बांधलं, अर्धी किंमत मला द्या. तेवढे पैसे द्यायचे तर शकूला घर विकावंच लागलं असतं. ती म्हणत होती, हा जोतं घालून निघून गेला, भिंती माझ्या. पण बाईने घमेलं वाहायचं, थापी धरायची नाही, ही साइटवरची रीत. तिचं म्हणणं तिच्या वकिलालाही पटत नव्हतं. शेजारी सगळे कुंडलिकच्या हाताखाली कामाला, त्यामुळे त्यांची दातखीळ बसलेली. शेवटी कोर्टाने मला पाठवलं: किंमत काढा, आणि काम कोणाचं तेही बघा.

मला बघायचं काय होतं? बाई कुठे भिंत बांधते? मनात निकाल लावूनच मी टेकडी चढलो.

"जयभीम साहेब," म्हणत शकूने पाणी दिलं. कुंडलिक दाराबाहेरच थांबला.

भिंतींना गिलावा नव्हता. विटा साइटवरून उचलून आणलेल्या, फुटक्या, कुठे अर्धी तर कुठे पाव. भिंत सरळ आहे का बघायला मी माळ्यावरून ओळंबा सोडला. दोरी आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत फट तेवढीच. चारी भिंतींना तेच. कोपरे काटकोनात. आणि त्या तुकड्यांच्या कामात एकही उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर आला नव्हता! माझ्या अंगावर काटा आला. कोऱ्या विटांच्या सरकारी इमारतींतही असं काम मी पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन मी कुंडलिकला चक्क हात जोडले. "उस्ताद, कमाल केलीस रे बाबा!"

शकूचा चेहरा पडला. कौतुकाच्या भरात तिचं घर मीच त्याच्या पदरात टाकत होतो, आणि मला त्याचं भान नव्हतं.

कुंडलिक आत आला. विटांवरून बोट फिरवत कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे उकिडवा बसला आणि वर बघतच राहिला.

"लिहू ना तुझं नाव?" मी विचारलं.

"थांबा." त्याने शकूकडे पाहिलं. "शके, हे तू केलंस?"

"मग काय तुझा बाप आला होता?"

"शिकवलं कुणी?"

"वीस वर्षं तुला माल देत उभी होते. डोळे काय घरी ठेवून यायचे?"

तो उठला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, तिचं नाव लिहा. कोर्टात बोललो ते बोललो. इथं जीभ रेटत नाही. मला नसती जमली अशी भिंत."

मी लिहिलं. त्याने खाली सही केली आणि चपला घालायला दाराशी गेला. तेव्हा शकूला रडू फुटलं.

"वीस वर्षांत पहिल्यांदा बरं बोललास मेल्या," ती म्हणाली, "आणि तेही काडीमोड घेताना."