निरोप्याची तहान

त्या रविवारी दुपारी दादांनी नेहमीसारखा बशीत ओतून चहा घेतला आणि बशी खाली ठेवताना विचारलं, "मी येऊ का गं संध्याकाळी? मागं बसतो. बोलत नाही."

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो.

"जिना आहे, दादा. दोन मजले. तुमचे गुडघे."

"बरं," ते म्हणाले.

जिना नव्हता. बरकतपुऱ्यात मेधाताईंच्या घरी आमचं वाचन मंडळ भरतं ते तळमजल्यावर. फाटकातून आत गेलं की एक पायरी, मग चपला काढायची जागा, मग हॉल. मी खोटं बोलले, कारण दादा बोलले असते. मागे बसून, कुणी विचारलं नसतं तरी, आपल्या सावरगावच्या बोलीत बोलले असते, आणि मग मी कोण आहे हे मंडळातल्या सगळ्यांना कळलं असतं. आडनावावरून ते कळत नाही. सावरगावकर कुणीही असू शकतो. नऊ वर्षं मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्या दिवशी मला ज्या पुस्तकावर बोलायचं होतं, ते ब्याण्णव पानांचं आहे. मराठवाड्यातल्या एका मास्तरांनी सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेली बोधकथा, आता अभिजात मानली जाते. तिच्यात एक निरोप्या आहे. कुठं कुणी मेलं की तो पायी चालत नातेवाइकांच्या गावी जातो, वेशीशी उभा राहून मौतीची बातमी सांगतो आणि परत फिरतो. एके दिवशी गाव ठरवतं की याला वेशीच्या आत येऊच द्यायचं नाही, म्हणजे कुणी मरणारच नाही. निरोप्याला हाकलतात. मग घरोघरी मेलेल्या माणसांची ताटं वाढली जातात, त्यांची स्थळं बघितली जातात, त्यांच्यावर रागावलं जातं. निरोप्या वेशीबाहेर उभाच असतो. शेवटची ओळ अशी की त्याला तहान लागली होती.

या तहानेवर मी पुष्कळ वाचलं होतं. कुणी ती सत्याची तहान मानली आहे, कुणी मुक्तीची. पुस्तक निजामी राजवट संपल्यानंतरच्या काळातलं, म्हणून एका समीक्षकानं तिच्यात दडपलेल्या बातम्यांचं रूपक पाहिलं आहे. मी नारायणगुड्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते; अशी रूपकं उलगडणं हे माझं रोजचं काम.

दादांनी ते पुस्तक शनिवारी एका बैठकीत वाचून काढलं. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना सतरा वर्षं झाली होती. तारनाक्याच्या आमच्या घरात दिवसभर काहीतरी वाचत बसायचे. पुस्तक मिटून म्हणाले, "हे तर आपल्या बापाचं काम."

माझे आजोबा हणमंतराव. हे 'राव' फक्त दादा लावायचे; गावात ते हणम्या होते. गावकीची जी कामं आमच्या लोकांच्या वाट्याला होती, त्यात मौतीचा सांगावा नेणं हे एक. एवढं मला लहानपणापासून माहीत होतं.

"मी एकदा गेल्तो त्याच्यासंगं," दादा म्हणाले. "सात वर्षांचा असंल. तीन कोस. उन्हाळ्याचे दिवस. वेशीपाशी उभं राहून बापानं हाळी दिली, अमक्याची आई गेली म्हणून. झालं, बायकांनी जो गळा काढला! आम्ही आपले उभे. मी म्हणलं, 'बा, पानी.' तर त्यानं माझं तोंडच दाबलं."

"का?"

"अगं, लोक रडू लालेत. त्यात पानी कसं मागावं? आडाला तर आपला हात चालत नव्हता. कुणीतरी वरून ओतायला पायजे. आन् रडणारं माणूस कशाला येतंय ओतायला? त्यांना ध्यानातच राहायचं नाही की सांगावा आणणारा चालत आलाय." मग पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या मास्तरानं बघितलेलं आहे हे. ही तहान म्हणजे तहानच हाय, रूपा. दुसरं काही नाही त्यात."

"दादा, बोधकथेत गोष्टींना दुसरा अर्थ असतो."

"असंल. पण आधी पहिला तर सांगशील का नाही?"

मी हसले.

संध्याकाळी मंडळात चौदा माणसं होती. मेधाताईंनी साबुदाण्याचे वडे केले होते, कुणी उस्मानिया बिस्किटं आणली होती. सायलीनं आल्याआल्या कबूल केलं, "मॅडम, मी पूर्ण नाही वाचलं हां. मराठी वाचताना माझी गाडी पॅसेंजर होते." सगळे हसले. मेधाताई म्हणाल्या, "अगं, पॅसेंजर तरी पोचते. तुझी यार्डातच उभी असते."

मी पाऊण तास बोलले. चांगलं बोलले. तहानेपाशी आल्यावर आवाज थोडा खाली आणला आणि म्हटलं की ही मानवी आत्म्याची सनातन तहान आहे. दोघातिघांनी माना डोलावल्या.

मग श्रीकांतनं हात वर केला. तो पुण्याचा, इथं एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि मंडळात खरोखर वाचून येणाऱ्या तिघांपैकी एक. "मला एक भाबडी शंका आहे. असं मृत्यूची बातमी चालत नेणारा माणूस खरंच असायचा? की ही लेखकाची कल्पना?"

"आपल्याकडे काही ऐकलं नाही बाई असलं," मेधाताई म्हणाल्या. "आमच्या आजोळी तार यायची."

सगळे माझ्याकडे बघत होते. पंख्याचा आवाज मला आठवतो.

"बहुधा कल्पनाच," मी म्हणाले.

"वाटलंच," श्रीकांत म्हणाला. "काय जबरदस्त कल्पना आहे पण!"

पुढच्या महिन्यात पुस्तकाच्या ऐतिहासिक आणि सामाजिक पार्श्वभूमीवर मीच बोलायचं, असं ठरवून लोक उठले.

घरी आले तेव्हा दादा जेवायचे थांबले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. तो त्यांनी दुपारीच घातला असणार, मला विचारण्याच्या आधी; तेव्हा माझं लक्षच गेलं नव्हतं. घास घेता घेता म्हणाले, "कुणी विचारलं का, निरोप्या खरा होता का म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. "कुणी नाही विचारलं."

"विचारायला पायजे होतं," ते म्हणाले आणि भात मागितला.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला, मी वर्गात असताना, ते गेले. भाजी निवडत होते, आई म्हणाली. गवारीची शेंग हातात होती. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. फोनवरून ही बातमी पाच मिनिटांत नांदेड, परभणी, औरंगाबाद आणि पुण्याला पोचली. कुणाला चालावं लागलं नाही. सावरगावच्या आत्याला ऐकू येत नाही, तिला शेजारणीनं हातवारे करून सांगितलं.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मंडळातलं कुणी त्याला आलं नाही, कारण मी त्यांना जागा कळवली नव्हती. मेधाताईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "घरच्या घरीच केलं सगळं." म्हणजे दादा गेल्यावरही मी त्यांना लपवलं.

तीन आठवड्यांनी मेधाताईंचा पुन्हा फोन. "पुढच्या रविवारचं काय करू या? तुला जमत नसेल तर सरळ पुढे ढकलू. तुझ्याशिवाय ती पार्श्वभूमी कोण सांगणार?"

मी येते म्हटलं. तारनाक्याहून विद्यापीठाचं ग्रंथालय जवळ आहे. तिथं चार दिवस बसले. जुन्या अहवालांतून, गावगाड्यावरच्या पुस्तकांतून गावकामगारांच्या कर्तव्यांच्या याद्या सापडल्या. वेस झाडणे, मेलेली जनावरं ओढणे, सरकारी सामान पुढच्या गावाला पोचवणे. एका यादीत अकराव्या क्रमांकावर होतं, मृत्यूची वार्ता परगावी नेणे. एवढंच. ते किती लांब चालायचे, वाटेत काय खायचे, घरात कुणी आजारी असेल तर काय करायचे, यातलं कुठं काही नाही. पाण्याबद्दल एक अक्षर नाही. ते ज्या माणसाला माहीत होतं, तो माझ्या घरात पन्नास वर्षं बसला होता.

आईला विचारलं. ती दादांचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होती, विहारात द्यायला.

"आई, दादा त्यांच्या बापासोबत सांगाव्याला गेले होते, त्या गावाचं नाव काय?"

"मला काय माहीत."

"परत येताना तरी पाणी मिळालं का त्यांना?"

"रूपे, मला त्यांनी हे कधी सांगितलंच नाही. तुला सांगितलं ना? मग तेव्हाच विचारायचं होतं."

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "आई, त्या दिवशी मी दादांना जिना आहे म्हणून सांगितलं. जिना नव्हता."

तिनं हातातला शर्ट पुरा घडी केला. "हौ. माहीत होतं त्यांना."

"काय?"

"चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची पत्रिका द्यायला दोनदा गेल्ते त्या मेधाबाईकडं. तुझ्या ओळखीच्या म्हणून. तुझं नाव नाही सांगितलं तिथं. पत्रिका दिली आन् आले. त्यांना जिना माहीत नसंल होय?"

"मग बोलले का नाहीत?"

"मी बी तेच म्हणलं. तू गेल्यावर म्हणलं, कामून गप बसलात? तर म्हणाले, पोरगी तिथं काय म्हणून बसती ते तिला ठरवू द्या." आईनं तो शर्ट पिशवीत ठेवला. "मग शर्ट नाही काढला. तसेच बसून राह्यले."

त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी "बरं" म्हटलं होतं. त्यानंतर माझी वाट बघत जेवायचे थांबले होते, आणि कुणी विचारलं का म्हणून मला एक संधी दिली होती. तीही मी घालवली. आता मी काहीही केलं तरी त्या माणसापर्यंत ते पोचणार नाही. विहारात गाथा म्हणताना सगळं अनित्य आहे असं आम्ही म्हणतो. मीही म्हटलं होतं. त्यानं काही हललं नाही.

रविवारी बरकतपुऱ्याला गेले. मेधाताईंनी माझे हात हातात घेतले. श्रीकांत म्हणाला, "सॉरी, रूपालीताई. आम्हाला तुमच्या वडिलांना भेटायचं होतं कधीतरी. वाचायचे म्हणे खूप?" सायली म्हणाली, तिनं या वेळी पूर्ण पुस्तक वाचलंय, दोन वेळा. खुर्च्या तशाच मांडल्या होत्या. मागच्या रांगेत दोन रिकाम्या होत्या.

माझ्याकडे टिपणांचे नऊ कागद होते. राजवट, साल, जहागिरी, गावगाडा, याद्या. मी पहिला कागद वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदात माझ्या लक्षात आलं की हे सगळं खरं आहे आणि यातही मी लपलेली आहे. 'तत्कालीन समाजव्यवस्थेत एका विशिष्ट वर्गाकडे' असं मी लिहिलं होतं.

मी थांबले.

"पाणी आणू का?" मेधाताईंनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "श्रीकांत, मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, असा माणूस खरंच असायचा का. मी म्हटलं, कल्पना असावी. ते खोटं होतं. मला माहीत होतं. माझे आजोबा हणमंतराव हे काम करायचे. आम्ही पूर्वाश्रमीचे महार. आता बौद्ध. ते वेशीशी उभे राहून सांगायचे, आणि लोक रडत असताना पाणी मागता येत नाही म्हणून तहानलेले परत यायचे. हे माझ्या वडिलांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. मागच्या वेळी त्यांना इथं यायचं होतं. शर्ट घालून तयार होते ते. मी त्यांना सांगितलं की इथं दोन मजल्यांचा जिना आहे."

सायलीनं पेन खाली ठेवलं.

"गुडघ्यांमुळे नाही," मी म्हणाले. "मला त्यांची लाज वाटत होती."