राईच्या मातीतला चौथा ठिपका

“हात लावू नका साहेब, ओला हाय अजून,” परशुराम म्हणाला आणि डॉक्टर मेढेकर स्वतःच्याच कचेरीच्या अंगणात दोन पावलं मागे सरले.

अंगणातल्या दोरीवर गाळणकागदाच्या तीन पट्ट्या चिमट्यांना लटकत होत्या. ऊन लागेल तसे त्यांच्यावर निळे ठिपके उमटत होते. डॉक्टरांनी चष्मा पुसून मोजले. तीन ओळखीचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधोमध चौथा होता.

“परत आला,” डॉक्टर म्हणाले.

“येणारच. तीनदा केलं. तीनदा तिथंच येऊन बसला.”

साल एकाहत्तर. भाईंदरला खाडीच्या बाजूला सरकारचं दोन खोल्यांचं माती तपासणी केंद्र होतं. खाऱ्या जमिनीत भात जास्त कसं पिकेल, हे सरकारला हवं होतं. मातीतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कोणकोणत्या सेंद्रिय संयुगांत अडकून बसलाय, हे डॉक्टरांना हवं होतं. या दोन इच्छांमधलं अंतर सरकारच्या अजून लक्षात आलं नव्हतं, म्हणून काम सुरळीत चाललं होतं.

परशुराम धोंडू घवाळी तिथे परिचर होता. शिक्षण सातवी, गाव लांज्याकडचं, नोकरी नऊ वर्षांची. बाटल्या धुणं हे त्याचं सरकारी काम. बाकीचं तो बघून बघून शिकला होता. माती अल्कलीत उकळायची, कोऱ्या चहासारखा अर्क काढायचा, त्याचा थेंब कागदाच्या पायाशी ठेवून कागद द्रावणात उभा करायचा. द्रावण वर चढतं, सोबत संयुगं चढतात आणि ज्याची जेवढी कुवत तेवढ्या मजल्यावर ते थांबतं. कोण कुठे राहतं, हे परशुरामला चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं पाठ होतं. चौथा ठिपका त्याच्या मते जिन्यात उभा राहिलेला अनोळखी इसम होता.

त्याच्या बाटल्यांवर शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती. साबणपावडरीत स्फुरद असतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तेव्हापासून ती केंद्राच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. काच आम्लाने धुवायची आणि मग शुद्ध पाण्याने सात वेळा. एकदा पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी खिशातल्या साबणाच्या वडीने बेसिनमध्ये हात धुतले. साहेब चहा पीत होते तेवढ्यात परशुरामने बेसिन धुऊन काढलं.

“हे नवं संयुग असणार,” डॉक्टर म्हणाले. “जानेवारीत दिल्लीला परिषद आहे. तिथे निबंध वाचतो. आणि परशुराम, लेखकांत तुमचं नाव घालतोय.”

नऊ वर्षं ते त्याला ‘अरे’ म्हणत होते. परशुरामला नावापेक्षा त्या ‘तुमचं’चाच आधी धक्का बसला.

“आमचं कशाला साहेब?”

“काम कुणी केलं?”

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं आणि सुगंधाने पाणी भरता भरता चाळीला सांगितलं.

“इंग्लिशमध्ये छापणार,” ती म्हणाली. “दिल्लीला.”

“बाटल्या धुतो ना गं तो?” शेजारच्या गोदूबाईंनी विचारलं.

“धुतात. म्हणून तर छापणार.”

दुसऱ्याच दिवशी लांज्याला पत्र गेलं. आठवड्यात उलट टपाली तिच्या सासऱ्यांचं आलं: छापल्यावर प्रत पाठवणे, काचेची चौकट करून घेतली आहे.

डॉक्टरांना दिल्लीला जाण्याआधी आणखी थोडी माती हवी होती, म्हणून परशुराम पुन्हा जवळच्या राई गावच्या शेतावर गेला. धर्माजी पाटील बांधावरच उभे होते.

“आलास? मूठ मूठ नेऊन माझा शेत संपवशील तू. मातीन काय सोनं हाय?”

“स्फुरद हाय.”

“त्यो खायाला मिलतो का?”

“भाताला मिळतो. तेबी सगळा न्हाय.”

“मग मोप अभ्यास केलास,” धर्माजी म्हणाले आणि तमाखू मळायला बसले.

शेवटच्या वाफ्याशी एकच कापडी पिशवी उरली, आणि ती अर्धी भरल्यावर शिवणीत उसवली. उरलेली माती परशुरामने सोबतच्या काचेच्या बरणीत घेतली. वाफा एकच, खड्डाही एकच.

दोन दिवसांनी दोन पट्ट्या दोरीवर आल्या. पिशवीतल्या मातीत चार ठिपके होते, बरणीतल्या मातीत तीन.

परशुरामने रिकामी पिशवी उलटी करून पाहिली. पिशव्या फाटल्या-मळल्या की घरी जात. सुगंधा त्या शिवून, धुऊन परत देई. हे कुठल्याच नियमात नव्हतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही नव्हतं. त्याच्याही नव्हतं.

घरी जाऊन त्याने सहज विचारावं तसं विचारलं, “पिशव्या कशानं धुतेस गं?”

“दिवाळीपासून त्या निळ्या पावडरीनं. आधी नुसत्या पाण्यानं काढायची, तर कशा कळकट दिसायच्या. आपल्या घरातल्याला नाय वापरत मी, महाग पडते. तुमच्या हापिसच्या म्हणून.” ती थांबली. “का? साहेब काय बोलले?”

“चांगल्या निघतात म्हणाले.”

डॉक्टरांच्या टेबलावर निबंध टाइप होऊन पडला होता. टेबल पुसताना परशुरामने तो पाहिला. इंग्रजी त्याला बेताचंच येत होतं, पण स्वतःचं नाव लावता आलं. घवाळीतला ‘घ’ लिहायला इंग्रजीत दोन अक्षरं खर्ची पडली होती. त्याने टेबल पुन्हा एकदा पुसलं.

एका पिशवीचा कोपरा कात्रीने कापून त्याने शुद्ध पाण्यात भिजत घातला आणि त्या पाण्याचा थेंब कागदावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांना अंगणात बोलावलं. दोरीवर तीन पट्ट्या होत्या.

“ही पिशवीतली माती. ही बरणीतली, त्याच खड्ड्याची.”

“आणि ही? हिच्यावर तर एकटा चौथाच मोठा आहे.”

“ती पिशवी.”

“पिशवीतली माती ना?”

“माती नाय साहेब. नुसती पिशवी. साबणपावडर हाय ती.”

खाडीवरून वारा आला तशा पट्ट्या हलल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“पिशव्या धुतल्या कुणी?”

“मीच.”

“तुम्ही? पावडरीनं?”

“चुकलं साहेब.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. संशोधकाने कोणता प्रश्न विचारू नये, हे पंधरा वर्षांत त्यांना बहुधा प्रथमच कळलं असावं.

“हे दाखवलं नसतंत तर कुणाला कळलं नसतं.”

“म्हाईत हाय.”

“निबंध मागे घ्यावा लागेल. तुमचं नाव…”

“तेबी म्हाईत हाय.”

डॉक्टर आत गेले. दिल्लीला तीन ओळींचं पत्र गेलं. केंद्राच्या दफ्तरात नोंद झाली: नमुन्याच्या पिशव्या परिचराने अयोग्य रीतीने धुतल्या, समज दिली. समज तोंडी होती. प्रत्यक्षात डॉक्टरांनी त्या दिवशी दोन कप चहा मागवला आणि एक परशुरामपुढे ठेवला. तो उभ्यानेच प्यायला.

“कधी छापून येतंय?” सुगंधाने रात्री जेवताना विचारलं.

“नाय येत आता. दिल्लीवाल्यांनी मातीचं सगळंच रद्द केलं यंदा.”

सुगंधा ताट सोडून दिल्लीला बोलत राहिली. दिल्लीला यापूर्वीही पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं होतं, तिकडून तक्रार आली नाही.

“मामंजींना काय कळवायचं?” ती शेवटी म्हणाली.

“काचेत दुसरं काहीतरी लावा म्हणावं.”

रविवारी परशुराम पिशव्या घेऊन स्वतःच नळावर बसला. गोदूबाई कठड्यावरून वाकून बघू लागल्या. सुगंधा पावडरीचा डबा घेऊन खाली आली.

“उठा. चाळ बघतेय. माझं धुणं पसंत नाय का?”

“हापिसचा नवा नियम आलाय. नुसत्या पाण्यानं धुवायच्या.”

“अहो, मग पांढऱ्या कशा होतील?”

“मातीच भरायची हाय त्यात.”

तिने डबा पायरीवर ठेवला. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बादलीकडे. पाणी केव्हाच निवळ झालं होतं, तरी त्याने ते ओतून दुसरं भरलं. पदर खोचून समोर बसली, ओल्या पिशवीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि तो एका बाजूला पिळू लागला तशी ती दुसऱ्या बाजूला पिळू लागली.